अंतऱ्यातलं नाव

जयमालाला राग आला की ती बाजाची पेटी पुसत बसे. त्या फेब्रुवारीत कॉलेजची जुनी पेटी नव्यासारखी दिसत होती.

ती मिरजगावच्या बन्सी गायकांची मुलगी. त्यांची गायन पार्टी जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतं गायची आणि जयमाला लहानपणापासून कोरसात उभी असायची. पुढं एम.ए. करून ती नगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संगीत शिकवू लागली. केडगावात खोली घेतली. सकाळभर मुलींकडून सूर घोटून घेता घेता तिचा स्वतःचा गळा बसायचा, आणि शनिवारी वडिलांचा, आबांचा फोन यायचा, "टेम्पो निघतोय, येतीस ना?" चाली सुचायच्या त्या मधल्या फटीत, भाजी चिरताना, बसच्या खिडकीशी.

विभागप्रमुख काकासाहेबांना हे खपत नसे. "मॅडम, एक काय ते ठरवा. विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवायचा की ट्रॉलीवर उभं राहून गायचं." तिनं दोन्ही केलं. त्यांनी तिचे तास कमी केले. तेही तिनं सोसलं.

बंदिश मात्र सोसवली नाही.

'उंबऱ्यापाशी थांबले पाणी' ही तिनं पटदीपात बांधलेली चीज. अंतरा अजून जमला नव्हता, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलींना तिनं नुसती स्थायी दिली होती. काकासाहेबांनी ती भिंतीपलीकडून ऐकली, खाली कृष्णाचा, श्यामाचा एक अंतरा जोडला आणि शहरातल्या एका मैफलीत 'माझी नवी रचना' म्हणून गायले.

स्टाफरूममध्ये तिनं विचारलं तेव्हा ते चहा ढवळत होते.

"विभागात झालं ते विभागाचं," ते म्हणाले. "आणि तुमच्याकडं ऐकणार कोण हो असलं? वाया गेली असती." मग जाता जाता, "वार्षिक मैफलीत तीच गाणार आहे. तुम्ही पेटीवर बसा. मुली मागं तंबोऱ्यावर. मी थांबलो की त्यांनी स्थायी उचलायची."

तालमीला ते आले नाहीत. साथीदारांबरोबर तालीम करणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आबांच्या पार्टीत एक रीत होती. शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव गुंफायचं, आणि कुणाचंही गायलं तरी ते नाव गाळायचं नाही. गाळणाऱ्याला आबा परत टेम्पोत चढू देत नसत. त्या आठवड्यात जयमालाचा अंतरा एका बैठकीत झाला:

'तहान माझी, ओंजळ माझी, जया म्हणे मग दार कुणाचे?'

तिनं तो मुलींकडून बसवून घेतला.

"मॅडम, सरांना चालेल?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"नाही चालणार. प्रॅक्टिकलचे मार्कही त्यांच्याच हातात आहेत. ज्यांना नको त्यांनी गप्प बसा, मी काही मनात धरणार नाही."

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. "आणि म्हणायचं असेल तर?"

"तर जोरात म्हणा."

मैफलीला पुण्याहून राजेश्वरीताई आल्या होत्या, जुन्या पिढीतल्या गायिका. काकासाहेबांनी पुन्हा 'माझी रचना' असं सांगून सुरुवात केली. स्थायी छान रंगली. मग सवयीप्रमाणं डोळे मिटून, हात मागं करून ते थांबले.

जयमालाची बोटं सरळ तार षड्जावर गेली. मागून सगळ्या मुलींनी अंतरा उचलला. नाव आलं. मुलींनी ती ओळ पुन्हा घेतली, नाव पुन्हा आलं.

काकासाहेबांनी डोळे उघडले.

"जया कोण?" पुढच्या रांगेतून राजेश्वरीताईंनी विचारलं, अगदी सहज.

ठेका चालू होता. काकासाहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांचा श्यामाचा अंतरा काही ओठावर येईना. जयमालानं त्यांना हवा तो सूर भरून ठेवला, चांगल्या साथीदारानं ठेवावा तसा, आणि वाट पाहत राहिली. तेवढ्यात मुलींच्या माना पेटीकडं वळल्या. त्यांच्यामागोमाग सभागृहाच्याही.

सोमवारी वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं. असणार नाही हे तिला मुलींना अंतरा शिकवतानाच ठाऊक होतं. तिनं मिरजगावला फोन लावला.

"आबा, तास गेले माझे."

"जाऊंदे. नाव समद्यांनी ऐकलं का?"

"ऐकलं. दोनदा."

"आन् त्याचं तोंड कसं हुतं गं?"

जयमालानं सावकाश, काहीही न गाळता सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई बेस. आता पयल्यापासनं सांग."

तिनं पहिल्यापासून सांगितलं.