मोहाच्या सावलीतला दगड

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं साल असेल. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि वडशाजवळ, माझ्या सासरच्या गावात, धानाचं एक शेत घ्यायचं ठरवलं होतं.

विकणाऱ्या बाई वयस्क, एकट्या, कामाला चपळ. त्यांच्या शेताचे दोन गट नंबर लागून होते. रस्त्याकडचा विकायचा, नाल्याकडचा ठेवायचा. अट एकच, मधल्या मोहाच्या झाडाची.

"मधातला मोह माह्याकडे राह्यला पाहिजे. तुमच्यात निंघाला तर मी विकतच नाई."

"निघाला तरी फुलं तुम्हीच वेचा की," मी म्हटलं.

"तुमी वेचू द्यान हो. तुमचे पोरं तोडतीन."

मधला बांध त्यांनी कधीच मोडून दोन्ही शेतं एक केली होती, त्यामुळे मोह कोणत्या नंबरात हे नुसतं पाहून कळत नव्हतं. माझा क्रम ठरलेला: आधी सातबारा, मग गावनकाशा, मग मोजणी, शेवटी रजिस्ट्री. मोजणीचा अर्ज मालकाचाच लागतो, म्हणून बाईंना एसटीत बसवून तालुक्याला नेलं. मोजणीदारानं हद्दीसाठी नवे दगड आणून ठेवायला सांगितले होते, तेही बैलगाडीनं आणवले.

धान निघाल्यावर मोजणीदार आले. धसकटांतून साखळी ओढली गेली. हद्दीचा जुना दगड मोहाच्या पलीकडे, नाल्याच्या बाजूला होता. म्हणजे मोह सरळ आमच्यात. बाई डोक्यावरचा पदर सारखा करून घराकडे निघाल्या. सौदा मोडला, असं मी मनात लिहूनही टाकलं.

तेवढ्यात मोजणीदार दगडापाशी वाकले. त्याला कुंकू होतं, सुकलेलं झेंडूचं फूल होतं.

"बाई, थांबा. हा दगड इथीच राह्यते का?"

"नाई भाऊ. तो आमचा शेताचा देव. धान मळाच्या वक्ती खळ्यावर नेतो, मंग आणून ठेवतो."

"कुठी?"

"मोहाच्या सावलीत. देवाले काय उन्हात ठेवाव?"

मोजणीदार साखळीवरच बसले. "लोक दुसऱ्याच्या वावरात दगड सरकवते, बाई. तुमी सोताच्याच वावरात सरकवला."

तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड नाल्याकाठी पक्का गाडलेला होता. तिथून नव्यानं मोजलं. खरी हद्द मोहाच्या अलीकडे, भर उन्हात निघाली. मोह बाईंचा. बाईंनी तिथंच आम्हाला चहाचं आमंत्रण दिलं, पण देवाला सावलीतून हलवायला साफ नकार. मग आणलेल्यांतला एक दगड हद्दीवर गाडला, चुना फासला. देव आपल्या जागी राहिला.

"याले कुंकू लावू नका," मोजणीदार म्हणाले. "देव झाला का हाबी फिराले निंघन."

रजिस्ट्री झाली. चैत्रात आम्ही शेत पाहायला गेलो, तेव्हा बाई मोहाखाली फुलं वेचत होत्या. टोपली अर्धी भरली होती. मी सवयीनं आधी हद्दीचा दगड पाहायला गेले. होता तिथंच होता. पण भोवती चार काड्या रोवून वर पळसाच्या पानांचं छोटंसं छप्पर घातलेलं.

मी बाईंकडे पाहिलं.

"कुंकू नाई लावलं, ताई," त्या वेचता वेचता म्हणाल्या. "सावली तेवढी केली."