हद्दीबाहेरचे

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूच्या नोंदी करणारा कारकून चहाला माझ्या दुकानात यायचा. चहा बशीत ओतून तो कधी फुंकायचा नाही, निवेपर्यंत नुसता बघत बसायचा. कुणी वारल्याचं कळलं की लोक विचारायचे, "कशानं?" हा विचारायचा, "कुठं?"

माणूस मरतो तिथंच त्याची नोंद, असा नियम. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावची माणसं लांब उसाच्या फडावर मरत होती. तालुक्याहून फोन आला की हा सांगायचा, "गावात न्हाई साहेब, एकबी न्हाई." मग माझी नजर चुकवायचा.

"फडाकडं तरी मोजत असतील की," मी एकदा म्हणालो.

"ते म्हणत्यात, ती तुमच्या गावची माणसं हायती."

एका सकाळी फडावरून त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याला बोलताना धाप लागत होती. हा ओरडला, "कसंबी कर, पण गावात ये!"

मी घाबरून म्हणालो, "आवं, तिकडचाच दवाखाना जवळ पडंल त्याला."

"पडंल," तो बशीकडे बघत म्हणाला. "पण हितं आला तर मोजता तरी यील."