लाल रिबिनीची बाई

मी राखायचो त्या गंगापूर धरणाजवळच्या मळ्यात दर हिवाळ्यात ऑटिझमवाल्या माणसांचं शिबिर भरायचं, त्यांनीच भरवलेलं. टाळ्यांऐवजी ते हात हवेत हलवत. द्राक्षवेलींत वारा शिरल्यासारखं वाटे. मनगटाला लाल रिबीन म्हणजे माझ्याशी बोलू नका. एका बाईची कायम लालच. माझ्या रामरामालाही उत्तर नाही! मग मीही पुन्हा केला नाही.

माझी म्हातारी गेली त्या साली शिबिराचा स्वयंपाकी सारखा खोदायचा, "बाबा, आजीला झालं काय? सांगा ना!" मी वेली बांधायला निघून जायचो. एकदा ती बाई उठली, तिनं स्वतःची रिबीन सोडून माझ्या मनगटाला बांधली. स्वयंपाकी आपल्या चुलीकडे वळला.

मग तिचं मोकळं मनगट बघून एकेक जण बोलायला येऊ लागला. ती डोळे मिटून झुलत बसली. माझा रामराम मी ओठांतच ठेवला.