आईच्या उशाशी रेसची गाडी

भूकंपानंतर लातुरात निम्म्या घरांपुढे पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आमच्याही दारात एक आली. लोक सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने आपापल्या स्लॅबखाली झोपायला परत गेले आणि पत्र्याखाली सायकली, सरपण, मोडक्या खुर्च्या गेल्या. आमची आई मात्र परत गेली नाही. स्वयंपाक घरात, पूजा घरात, पण पाठ टेकायची ती पत्र्याखाली. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. थोरली बहीण दगडमातीच्या घरात झोपली होती, ती तिथेच राहिली. आपल्या घराला साधा तडासुद्धा गेला नाही, हे बाबा तिला दर आठ दिवसांनी सांगायचे. ती म्हणायची, "तिच्याबी घराला आदल्या दिशी तडा नव्हता."

पुढे गावात क्लासेसचं पेव फुटलं. चहूकडची पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन लातुरात उतरू लागली, आणि ज्यांच्या घराला जिना काढण्याइतकी जागा होती त्या सगळ्यांनी वर खोल्या चढवल्या. बाबा शाळामास्तर, त्यांनीही दोन चढवल्या. आई खाली उभी राहून गवंड्याचं काम बघायची आणि म्हणायची, "आधी डोक्यावर एकच स्लॅब होता, आता दोन झाले." वर्षं गेली, पत्र्याखालचे उन्हाळे आणि हिवाळे तिच्या छातीत भरत गेले. खोकला सुरू झाला की ती वाकून भिंत धरायची. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, एक तर पत्र्याखालची झोप बंद करा, नाहीतर माझी औषधं बंद करा. बाबांनी रागावून पाहिलं, मी समजावून पाहिलं, मामा येऊन रडून गेला. आई ढिम्म. आमच्या घरात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

मी नांदेडला एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये होतो. दर शनिवारी लोह्यावरून जाणारी एसटी पकडून लातूर गाठायचं, रविवारी तोंड पाडून परत. बाकी आठवडा मी रेसच्या गाड्या बनवायचो. हे ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे, म्हणून सांगणं सोडून दिलं होतं.

त्याचं असं झालं की नांदेडच्या जुन्या गावात एक घड्याळवाले चाचा होते. त्यांच्या पुतण्याने गल्फमधून दहा खोकी पाठवली होती, दुकानात विकायला. खोक्यावर झकास लालभडक रेसची गाडी, आणि आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शे-सव्वाशे तुकडे. गिऱ्हाईक झाकण उघडायचं आणि म्हणायचं, "पैसे देऊन मोडकं घ्यायचं होय?" वर्षभर एकही खोकं गेलं नाही. मी घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो होतो, येताना एक खोकं घेऊन आलो. मग एकेक करून दहाही माझ्याच खोलीवर आली.

पहिली गाडी मी पार वाया घालवली. तुकडे चौकटीतून पिरगळून तोडले, त्यामुळे कडांना दात राहिले. गोंद जास्त झाला आणि गाडीच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. रंग म्हणून बांगड्यांच्या दुकानातून नेलपॉलिश आणलं. दुकानातल्या बाईने, कोणासाठी, असं हसत विचारलं, आणि मी मूर्खासारखा "गाडीसाठी" म्हणालो. ते लावल्याबरोबर प्लास्टिक साईसारखं सुरकुतलं. चाचांना नेऊन दाखवली तर त्यांनी डोळ्याला भिंग लावून ती तपासली, जणू बंद पडलेलं घड्याळच आलंय. "घाई नक्को," ते म्हणाले. "चिडलेला हात घड्याळाला कळतो, तसा हिलाबी कळला."

मग शिकलो. तुकडा नेलकटरने जरा लांबून कापायचा, उरलेलं टोक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायचा. रंग नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून आणायचा, पातळ करून तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हातानंतर गाडीवर पातेलं पालथं घालायचं, म्हणजे धूळ बसत नाही. पण या गाड्यांत एक खोट होती. त्या शोकेससाठी केलेल्या. चाकं फिरायची, पण खडखडत, उपकार केल्यासारखी. रेसची गाडी आणि पळत नाही, हे माझ्या डोक्यात जाई. चाचांनी उपाय सांगितला. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिचा तुकडा कापून गाडीच्या पोटात बसवायचा आणि त्यातून कापड शिवायची सुई आस म्हणून घालायची. त्यावर घड्याळाचं तेल, तेही टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच. चौथ्या गाडीला हे जमलं. ती टेबलावर ठेवली आणि दार लावलं, तर दाराच्या वाऱ्यानेच निघाली. त्या आठवड्यात मला कळलं की आमच्या लॅबमधलं एकही टेबल सपाट नाही. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, खोटं कशाला सांगू.

ती गाडी मी लातूरला मिरवायला नेली. दुपारची वेळ, काचेच्या टेबलावर ठेवलेली, आम्ही तिघे जेवत होतो. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला आणि गाडी आपोआप निघाली, ती थेट भिंतीला जाऊन टेकली. बाबांनी मान वर केली नाही. आईचा घास हातात राहिला.

"धरणी हालली की ही पळती व्हय?" तिने विचारलं.

मी घर्षण, उतार, कंपनं असं सगळं लेक्चर झोडायला लागलो. तिने मध्येच तोडलं. "ते राहू दे. इतकंच सांग, तिला कळतं का न्हाई?"

"कळतं," मी म्हणालो.

भूकंपानंतर लातुरात पुष्कळ बायका झोपताना तांब्या पालथा घालून त्यावर फुलपात्र ठेवायच्या, हादरा बसला की पडून आवाज होईल म्हणून. आईनेही बाबांच्या उशाशी कित्येक वर्षं ठेवलं. पण मांजर ते पाडायचं, उंदीर पाडायचे, तिचा त्यावर विश्वास उरला नव्हता. गाडीवर बसला. पोराने केलेली, वर त्यात इंजेक्शनची सुई, म्हणजे डॉक्टरी वस्तू. ती म्हणाली, "उशाशी ठिव. मग बघू."

मी मधल्या खोलीत तिच्या खाटेजवळ स्टूल ठेवलं, त्यावर काच, काचेखाली कागदाच्या घड्या सरकवून ती सपाट केली, आणि खाली जमिनीवर स्टीलचं ताट. गाडी निघाली तर ताटात पडणार आणि आवाज होणार. आई गादी घेऊन आत आली. इतक्या वर्षांनी. बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, शाळेत कोणाला तरी बढती मिळाली.

आनंद महिनाभर टिकला. कारण गाडी फारच शहाणी निघाली. टँकर गेला, ताट वाजलं. वरच्या पोरांचा निकाल लागला, ती नाचली, ताट वाजलं. दर वेळी आई अनवाणी अंगणात. गाडीचा पुढचा पंख पडून पडून दोनदा तुटला, मी पत्र्याची पट्टी लावून तो सांधला. एकदा आई पायरीवरून घसरली आणि गुडघा फोडून घेतला. पत्र्याखालची गादी पुन्हा झटकायची भाषा सुरू झाली.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझं ते सोंग बंद कर. चाकाला काहीतरी लावून टाक."

"आणि खरंच झाला तर?"

"मी आहे ना घरात," बाबा म्हणाले. "मी काय मेलोय?"

आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी गाडी उलटी केली आणि झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब मागच्या सुईच्या तोंडाशी सोडला. थेंब आत ओढला गेला. दोन मिनिटांनी मी काच एका बाजूने उचलली, गाडी जागची हलली नाही. तेल पुसलं, बोटाचा डाग पुसला. काम सफाईदार झालं होतं. इतकं सफाईदार काम मी पुन्हा कधी केलं नाही.

आई आत झोपत राहिली. त्या हिवाळ्यात खोकला कमी झाला, पुढच्या हिवाळ्यात गेलाच. डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगत नव्हतो? गल्लीतल्या दोन बायकांनी तसलीच गाडी मागितली, मी किट मिळत नाही म्हणून सांगितलं. नांदेडला चाचांना मी हे मोठ्या ऐटीत ऐकवलं. मला वाटलं ते हसतील. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "बंद घड्याळ भिंतीवर ठेवू नै," ते म्हणाले. "माणूस त्याच्यावर बघून गाडी चुकवतो." मला राग आला. आई बरी झालीय ते दिसत नाही म्हाताऱ्याला! महिनाभर मी त्यांच्या दुकानावर गेलो नाही.

चार वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी मी नांदेडलाच राहिलो होतो, आणि भर दुपारी मला फोन आला. लातूरच्या शेजारच्या काकू. हसत होत्या. लहानसा धक्का बसला म्हणे, कोणाला काही झालं नाही, मांडणीवरची भांडी वाजली. अख्खी गल्ली रस्त्यावर, वरची पोरं तर जिन्यावरून कोलमडत आली. "आणि तुझी आई! सगळ्यात भित्री बाई, ती एकटी घरात. आम्ही हाका मारून दमलो. आतून म्हणते कशी, गाडी कुठं हाललीय?"

मी विचारलं, "बाबा?"

"ते तर सगळ्यांच्या आधी बाहेर."

मी मिळेल त्या एसटीने निघालो. लोह्याच्या स्टँडवर उतरून तोंड धुतलं.

आई खुशीत होती. मला पाणीसुद्धा न देता सांगत सुटली. ती आडवी पडली होती, डोळा लागत होता, भांडी वाजली, तिने स्टुलाकडे बघितलं. गाडी शांत. "म्हनलं वरची पोरं नाचायलीत. पदर घेतला तोंडावर अन् निजले. लोकं येड्यावानी पळाली, लेकरा. मी न्हाई हालले."

बाबा ओसरीवर पेपर धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हळूच विचारलं, "तुम्ही तिला हाक मारली होती?"

त्यांनी पेपरची घडी केली, परत उघडली. "मला वाटलं, येतेय मागून," ते म्हणाले. मग पेपरामागून, "राहिली मारायची."

त्यांचा राग यायला हवा होता आणि तो आलाच, पण पुरता येईना. थेंब मी सोडला होता. आणि पुढचा धक्का लहानच असेल असं कोण सांगणार? मी आत गेलो, गाडी उचलली, आईच्या मांडीवर उलटी ठेवली आणि सांगून टाकलं. कधी केलं, कशाने केलं, का केलं. तिने मागचं चाक बोटाने फिरवून पाहिलं. फिरलं नाही. तिने अजून एकदा पाहिलं.

मला वाटलं रडेल, निदान चार शिव्या तरी घालेल. त्या मी हात जोडून घेतल्या असत्या. तिने गाडी स्टुलावर ठेवली, आणि ओसरीकडे बघत अगदी हळू विचारलं, "ह्यांना ठाऊक होतं का हे?"

ओसरीवरचा पेपर वाजायचा थांबला.

मी चाळिशीला आलो होतो. आईशी पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा तिच्या पाठीमागे बोललो होतो, आता ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "फक्त मला."

तिने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा सैल झाला, ते मला स्पष्ट दिसलं. मग ती उठली, खाटेवरची गादी गुंडाळून काखेत मारली आणि ओसरीवर जाऊन बाबांच्या पुढे उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "पोरानं दोघांनाबी फसवलं. तुम्हीबी आता आत निजू नका. चला, गादी घ्या तुमची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला, आत जाऊन आपली गादी उचलली आणि मुकाट्याने तिच्या मागे पत्र्याखाली गेले.