निवडून आणलेले चिकू

चिकूची फळं गळायला लावणारी बुरशी लवकर ओळखता यावी म्हणून आमची नवी कंपनी एक चाचणी तयार करत होती. डहाणूत दोन खोल्यांची लॅब होती आणि मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट म्हणून मी एकटीच. जवळच्याच कैनाड गावातल्या एका काकूंची चिकूची वाडी होती. त्यांना मी बजावून सांगितलं, गळलेली, डागाळलेली फळंच आणा. त्यांनी आणले ते टपोरे, धुऊन पुसलेले चिकू. चाचणीच्या मशीनने अर्थातच बुरशी नाही म्हणून सांगितलं.

मी वैतागले. "काकू, मला खराब फळं हवी होती!"

"अगं, कुणाकडे जाताना सडकं कसं न्यायचं? बरं दिसतं का ते?"

शेवटी मीच वाडीत जाऊन झाडांखालची सडकी फळं वेचली. या वेळी मशीनच्या पडद्यावर रेषा झरझर वर चढली. बुरशी होती, आणि चांगलीच होती. चाचणी चालली म्हणून आमचे साहेब फोनवर आनंदाने ओरडले. मी मात्र ते सांगायला काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले.

"बरं झालं, कळलं एकदाचं," त्या म्हणाल्या. "मग आता फवारायचं काय?"

"ते आम्ही नाही बनवत, काकू. नेहमीची औषधं..."

"ती सगळी मारून झाली, म्हणून तर तुझ्याकडे आले."

मी उठले, तशा त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. रिकाम्या हाताने कशाला जातेस, म्हणाल्या. पिशवीतले चिकू निवडलेले होते, धुऊन पुसलेले.