संतोजीअण्णांची तलवार

संतोजीअण्णा माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. बेंगळुरूच्या बसवनगुडीत आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत त्यांची माझी ओळख झाली तीही चपलांवरून. मी काठी टेकत फेरी मारत होते. तीन फुटी लाकडी तलवार काखेत धरून उभे असलेले एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ मला म्हणाले, "अक्का, तुमची डावी चप्पल नवी आहे काय?"

"नाही. जोड एकदमच घेतला."

"मग उजवीच का झिजली? डाव्या पायावर तुम्ही उभ्याच राहत नाही."

सई, नचिकेत, त्याच्या आदल्या वर्षी तुमची ही आजी दारातल्या ओल्या ग्रॅनाइटवर घसरली आणि माझ्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाड केव्हाच जुळलं होतं. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगून चार महिने झाले होते आणि मी ती सोडत नव्हते. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या परक्या माणसाने ते चपलेच्या टाचेवरून ओळखलं. मला रागच आला. पण त्या बागेत ते रोज सकाळी ताईची, म्हणजे संथ लयीतली चिनी युद्धकला, शिकवतात असं कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला त्यांच्या वर्गात हजर होते.

अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मिसळलेली की कुठलं वाक्य कुठे वळेल ते सांगता येत नसे. सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. नवी यंत्रं शिकायला कारखान्याने त्यांना आठ महिने चीनला पाठवलं होतं. तिथे राहायच्या जागेसमोरच्या बागेत रोज सकाळी म्हातारी माणसं तलवारी घेऊन ताईची करत. एका निवृत्त टर्नरबाईंनी यांना रांगेत उभं केलं. भाषेचा एक शब्दही सामाईक नव्हता.

"चुकलं की मास्टरबाई पात्याने गुडघ्यावर टप करायच्या," अण्णा सांगत. "बरोबर आलं की काही नाही. परत यायच्या वेळी मला कळलं, ते 'काही नाही' म्हणजेच शाबासकी."

त्यांनीही तोच हिशेब ठेवला. चार वर्षांत त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं. ते पुढे सांगते.

ताईचीत जोर दंडाचा नसतो. तो तळपायातून निघतो, कमरेत वळतो आणि मग हातापर्यंत पोचतो. "हात चाकर, कंबर मालकीण," हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. पहिलं वर्ष रिकाम्या हातांनी गेलं. मग शस्त्रं आली. उंच काठी, वाकडी एकधारी तलवार आणि सरळ दुधारी तलवार. सगळी लाकडाची, अण्णांनी स्वतः तासलेली. "काठी म्हणजे बाप," ते म्हणत. "मोकळा, मोठ्याने बोलणारा. वाकडी तलवार थोरला भाऊ, जरा दांडगट. पण सरळ तलवार सासू. तिच्यापुढे काहीही लपत नाही."

लपणार कसं? सरळ तलवारीच्या मुठीला एक लांब लाल गोंडा असतो. हालचाल कमरेतून आली तर तो पात्यामागून वाहत येतो. मनगटाने हिसका दिला की तो थेट हाताभोवती गुंडाळतो. "घाई केली ना अक्का? गोंड्याने चहाडी केली बघा." आम्ही बारा जण होतो, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, आणि रोज सकाळी बाराही गोंडे आमच्या चहाड्या करत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी काठी छत्रीच्या स्टँडमध्ये गेली. डाव्या पायावर एकटीने उभं राहायचं मात्र मी टाळत असे. तलवारीच्या मांडणीत, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, ती जागा आली की उजव्या पायाचा अंगठा मी हळूच टेकवून ठेवायची. अण्णा बघत आणि पुढे जात.

मग तक्रार आली. नव्या अपार्टमेंटमधल्या एका बाईंनी बागेच्या समितीला लिहिलं की सकाळी मुलं फिरतात, मध्येच कुणी आलं आणि लागलं तर? प्रश्न रास्त होता. समितीचे अध्यक्ष सज्जन होते. ते म्हणाले, "तलवारी बंद करा आणि अर्जात योगासनं लिहा. लगेच परवानगी देतो."

"योगासनं चांगलीच आहेत, सर," अण्णा म्हणाले. "पण हे ते नाही."

ही बाग गेली असती तर वर्ग संपलाच असता. रोज रिक्षा करून लांब जाणं आमच्यापैकी निम्म्यांना जमणारं नव्हतं. तेव्हा आम्ही विनंती केली की समितीने एकदा स्वतः बघावं आणि मग ठरवावं. इंग्रजी पत्र लिहायचं काम अर्थातच माझं. सगळे सभासद येऊ शकतील अशी सुट्टीची तारीख मी कॅलेंडरवर शोधली, लाल आकडा दिसला, लिहून टाकली. आकड्याखाली काय छापलंय ते वाचलं नाही. मी, जी किराण्याची यादीसुद्धा दोनदा तपासते!

त्या सोमवारी सातला समितीचे सात जण बाकांवर बसले होते. तक्रार करणाऱ्या बाईही होत्या. अण्णा आले ते कपाळावर ठसठशीत कुंकू लावून आणि रिकाम्या हातांनी.

"अण्णा, तलवारी?"

"देवापुढे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमी! तुम्हाला तिकडे कळायचं नाही, पण या दिवशी बेंगळुरूत बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. आदल्या संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या तलवारी तेलपाणी करायला म्हणून अण्णांनी नेल्या होत्या, आणि पहाटेच पूजा उरकली होती.

"तुम्हाला आजची तारीख माहीत होती ना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माहीत होती की. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलीय."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा सगळे जमणं कठीण, निर्णय आजच, असं ते म्हणाले. एक जाडसर सभासद हसत उद्गारले, "तलवारीचा क्लास, तलवारच नाही! प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला, सर." सगळे हसले.

"सरी, ठीक आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "अक्का, तुम्ही करा."

"मी? तुम्ही करा ना!"

"मी केलं तर काय नवल? मी शिकवतो. त्यांना तुमचे पाय बघू दे."

मी गवतावर जाऊन उभी राहिले. उजव्या हाताची मूठ अशी धरली जशी तिच्यात लाकूड आहे. डाव्या हाताची दोन बोटं सरळ केली, बाकीची अंगठ्याखाली मिटली. पहिली चार-पाच पावलं लाजेतच गेली. मग कंबर वळली आणि मला खरोखर वजन जाणवलं. पातं कुठे संपतं ते कळत होतं. 'पाकोळी घरट्यात शिरते' या नावाची पुढे जाऊन भोसकण्याची एक चाल आहे. ती मी त्या जाडसर सभासदांच्या दिशेने घेतली आणि ते चक्क बाकावर मागे सरकले. माझ्या हातात काही नव्हतं, बाळांनो!

आता ती जागा आली. डावा पाय जमिनीवर, उजवा गुडघा वर, तलवार डोक्यावर. त्याच क्षणी बागेतला तपकिरी कुत्रा माझ्यासमोर आला आणि उभा राहिला. पुढचा वार खाली यायचा तो बरोबर त्याच्यावरच. थांबणं भाग होतं. अंगठा टेकवायचा मोह झाला. टेकवला नाही. डावा पाय थरथरला, मग तळवा जमिनीत रुतल्यासारखा झाला. कुत्र्याने मला हुंगलं, आळस दिला, सावकाश निघून गेला. तो पुरता बाजूला झाल्यावरच मी हात खाली आणला. शेवटचं पाऊल मी जिथून निघाले होते तिथेच पडलं.

मग तक्रार करणाऱ्या बाईच उठल्या. "मध्ये कुणी आलं तर काय, हे मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "उत्तर मिळालं." अध्यक्षांनी अर्ज मांडीवर घेतला आणि जिथे योगासनं लिहायला सांगितलं होतं त्या जागी मला विचारून एकेक अक्षर स्वच्छ लिहिलं : ताईची, तलवारीसह.

अण्णा माझ्या गुडघ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता टप बसणार. ते म्हणाले, "डावा पाय घरी आला, अक्का." हेच ते एकदाचं कौतुक. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही बाराही जणांनी कुंकवाचे ठिपके असलेल्या तलवारी उचलल्या आणि त्यानंतर बागेत कुणी आम्हाला अडवलं नाही.

गेल्या श्रावणात अण्णा गेले, झोपेतच. तेराव्यानंतरच्या सोमवारी आम्ही बागेत जमलो. पुढची जागा रिकामी होती आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. अपार्टमेंटमधल्या त्याच बाई, ज्या आता आमच्यातच असतात, मला म्हणाल्या, "बन्नी, या अक्का, पुढे या."

मी गेले. पाठीमागे पंधरा जण होते. मी श्वास घेतला, कंबर वळवली आणि पंधरा तलवारी माझ्यामागे एकदम उठल्या.