काळं वर्तुळ

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. समता कॉलनीतल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचो. तिथे भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमधला एक कारकून आला, दारातून वाकून आत येणारा, कोळ्यासारख्या लांब बोटांचा. त्याचा बाप आणि भाऊ दोघेही छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटून गेले होते. घराण्यात उतरणाऱ्या या दोषावर काम करायला बाहेरून आलेल्या संशोधकांसाठी त्याने सगळं खानदान रक्त द्यायला आणलं.

"रिपोर्ट भेटन ना, भैया?"

"मिळेल," मी म्हणालो.

पुढे तो दर महिन्याला येऊन विचारायचा. रिपोर्ट आला नाही. त्याची गरोदर मुलगी आठव्या महिन्यात तशीच, रक्तवाहिनी फुटून गेली.

नंतर संशोधकांचा छापील लेख लॅबमध्ये आला. त्यात त्याच्या घराण्याचा तक्ता होता, पुरुषांचे चौकोन आणि बायकांची वर्तुळं. मी तो त्याला दाखवला, कोण कुठे ते सांगितलं.

"हे माही पोट्टी? काळी काहून केली?"

"तिच्यातही तो दोष सापडला होता."

"मंग त्यायले मालूम होतं. मले काहून नाही सांगितलं?"

निकाल घरच्यांना कळवायचे नाहीत, असा नियम इंग्रजी फॉर्मवर छापलेला होता. तो नियम स्वतः वाचूनच मी त्याची सही घेतली होती.

बापाच्या चौकोनावरच्या तिरप्या रेघेवर त्याने बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"गेलेल्या माणसावर मारतात."

त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि मुलीच्या वर्तुळावर तशीच रेघ मारली.